एकशे त्रेचाळीस विषय

११ जुलै

दादा,

'तीर्थरूप दादास' लिहायला घेतलं आणि पेन अडलं. म्हणून नुसतंच दादा.

मुंगी माझ्याकडे आहे. सुखरूप आहे, जेवते, झोपते. हे आधी वहिनीला सांग, मग पुढचं वाच किंवा वाचू नकोस.

फोनवर तू म्हणालास, "आजपासून मला बहीण नाही आणि मुलगीही नाही," आणि ठेवून दिलास. बरं. माझ्या बाजूनं मला भाऊ आहे, त्यामुळे मी लिहिणार. उत्तराची सक्ती नाही.

तुझा राग मला कळत नाही असं समजू नकोस. तीस वर्षं तू दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देतोस. काल पास झालेली पोरं "दाढ जरा उंच झालीय, परत करा" अशी चिठ्ठी लावून डबा परत पाठवतात आणि तू एक शब्द न बोलता ती घासून देतोस. आपली मुलगी डॉक्टर व्हावी, तिच्या दवाखान्यामागेच आपली लॅब असावी, एवढंच तुला हवं होतं. दारावरच्या पाटीची लांबी-रुंदीसुद्धा तू ठरवून ठेवली होतीस, वहिनीनं मला सांगितलंय. आणि पोरगी दंतवैद्यकाचं एक वर्ष करून, बॅग उचलून आत्याच्या दारात उभी. राग येणारच.

आता ती आमच्या कॉलेजात दाखल झालीय. मी चोवीस वर्षं नोंदणी विभागात बसते, पण इथे नक्की काय शिकवतात हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. इथून कोणी डॉक्टर किंवा इंजिनीयर होऊन बाहेर पडत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात एक जाड पुस्तिका देतात. ती मीच तयार करते. यंदा तिच्यात एकशे त्रेचाळीस विषय आहेत. चार वर्षांत त्यातले बत्तीस घ्यायचे, सहा गटांतून, प्रत्येकातला निदान एक, बाकी आपल्या आवडीनं. 'नद्या वळणं का घेतात' आहे, 'करार कसा वाचावा' आहे, 'मुंग्या, मधमाश्या आणि माणसं' असाही एक आहे. त्यावरून मी तिला चिडवलं, तर हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

तीन दिवस ती पेन्सिल घेऊन जमिनीवर पालथी पडून ती पुस्तिका वाचत होती. मग म्हणाली, "आत्या, सगळे घेता येत नाहीत का गं?"

"डोकं एकच आहे ना तुला? मग बत्तीस घे."

तिनं जीवशास्त्र घेतलंय. म्हणजे परतीचा रस्ता उघडा आहे. हे तुला कळावं म्हणून मुद्दाम लिहिते.

तुझी (तू नाही म्हणालास तरी)
बारकी


२४ नोव्हेंबर

दादा,

पहिलं सत्र संपत आलं. सगळं छान चाललंय. मुंगी जरा वाळलीय, पण नवीन जागा, नवीन पाणी, होतं असं. अभ्यास करते. शिक्षक खूश आहेत. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिचा हात चांगला चालतो म्हणे.

वहिनीचा फोन आला होता. ती म्हणाली, माझं पत्र आलं की तू ते फोडतोस, उभ्या उभ्या वाचतोस, खिशात घालतोस आणि कामाला बसतोस. मला एवढं पुरे आहे. फोडतोस ना, मग झालं.

बाकी ठीक. माझ्या खोलीची खिडकी नीट लागत नव्हती, ती सुताराकडून करून घेतली. मुंगी आतल्या खोलीत झोपते, मी बाहेर. दोघींना पुरते जागा.

बारकी


९ ऑगस्ट

दादा,

वर्ष उलटलं. आता नोव्हेंबरच्या पत्रात जे खोटं लिहिलं ते निस्तरते.

मुंगीनं जीवशास्त्र घेतलं होतं ते फक्त दोन आठवडे. पहिल्याच प्रयोगाला जबड्याचा सांगाडा समोर आला आणि ही उठून बाहेर गेली, ती परत त्या वर्गात गेलीच नाही. प्रयोगशाळेतला चांगला हात वगैरे सगळं मी रचलं. आणि नोव्हेंबरात ती 'जरा वाळली' नव्हती, तर अकरा दिवस अंथरुणातून उठली नव्हती. आंघोळ नाही, वर्ग नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "आत्या, मी बाबांचं वाटोळं केलं." डॉक्टरीणबाईंकडे नेलं, औषधं झाली, बोलणं झालं. हे मी तुला तेव्हा कळवायला हवं होतं. तू येऊन तिला ओढून नेशील अशी मला भीती वाटली. आणि खरं सांगू? तू येणारच नाहीस, ही त्याहून मोठी भीती होती.

आता ती बरी आहे. हे खरं आहे, शपथेवर सांगते. कशानं बरी झाली ते मात्र नीट सांगता येणार नाही. सक्तीचा एक विषय घ्यायचा म्हणून तिनं 'नद्या वळणं का घेतात' घेतला होता. त्या वर्गाचे सर मुलांना ओढ्यावर नेतात आणि दगड उचलायला लावतात. एका शनिवारी ती घरी आली ती ओल्या कपड्यांनी, पिशवीभर गोटे घेऊन. स्वयंपाकघराच्या ओट्यावर एका रांगेत मांडले. म्हणाली, "हा वरच्या अंगाचा, टोकदार. हा खालच्या अंगाचा, गुळगुळीत. मधले सगळे ओळीनं. पाण्यानं किती वर्षं घासलं असेल गं?" आणि मग जेवायला मागितलं. दोनदा वाढून घेतलं.

तेव्हापासून काय काय घेतलंय बघ: संख्याशास्त्र, जुने नकाशे, तर्कशास्त्र (हे घेतल्यापासून माझ्याशी वाद घालणं तिला फार सोपं जातं), आणि रंगमंचावरची प्रकाशयोजना. तू म्हणशील, ह्याची भेळ करून काय मिळणार? मलाही उत्तर माहीत नाही. मी फक्त वेळापत्रक जुळवते.

खोटं बोलल्याबद्दल माफ कर. मन हलकं झालं.

बारकी


१७ सप्टेंबर

दादा,

तिसरं वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले. हे पत्र छोटं आहे, कारण सांगण्यासारखं एकच आहे.

मुंगीनं ह्या वेळी 'शब्द कसे बदलतात' हा विषय घेतलाय. परवा जेवताना म्हणाली, "आत्या, शब्दसुद्धा गोट्यासारखेच असतात. रोज वापरात असतात ते आखूड होतात, गुळगुळीत होतात. ठेवणीतले शब्द टोकदार राहतात." मग ताट बाजूला सारून कागदावर आलेख काढायला लागली. संख्याशास्त्रात शिकलेलं तिथे वापरत होती. मी म्हटलं, आमटी निवतेय. तिला ऐकूच गेलं नाही.

मी इतकी वर्षं ते एकशे त्रेचाळीस विषय पुस्तिकेत एकाखाली एक टाइप करत आले. त्यांचा आपसात काही संबंध असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

तिनं शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाचा विषय ठरवलाय. नाव एका शब्दाचं आहे: 'झीज'.

बारकी


६ जानेवारी

दादा,

हे पत्र वाचून तू म्हणशील, माझंच खरं झालं. तसं म्हणायला तुला हरकत नाही.

मुंगीचं शेवटचं सत्र परवा सुरू झालं. मी सगळ्यांच्या नोंदी तपासत होते. तिच्या पानावर आले आणि ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सहा गटांपैकी 'हातकाम' ह्या गटातला तिचा विषयच नाही. मी तिला प्रकाशयोजना त्यात धरायला सांगितलं होतं. तशी ती पूर्वी धरत. गेल्या वर्षी नियम बदलला, प्रकाशयोजना कला गटात गेली. तसं परिपत्रकही निघालं. दादा, ते परिपत्रक मी टाइप केलंय. माझ्या स्वतःच्या हातानं. आणि घरातल्या पोरीचं पान तपासायला विसरले.

हा विषय पुरा झाला नाही तर वर्ष वाया. हातकामातला एकच वर्ग तिच्या वेळेत बसतो, 'साचे आणि ओतकाम'. जागा बारा, बाराही भरलेल्या, प्रतीक्षा यादीत पाच मुलं. यादी माझ्याच संगणकात. तिचं नाव वर सरकवायला दोन सेकंद लागली असती. कोणाला कळलंही नसतं. माझं बोट कळीवर होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. नाही सरकवलं.

ओतकामाच्या बाईंकडे गेले आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे होते. त्या म्हणाल्या, "यादीतल्या पाचही जणांना पुढच्या वर्षी घेता येतं. हिला येत नाही. माझ्याकडे स्टुलं बाराच आहेत. तुमच्या ऑफिसातलं एक घेऊन या, आणि कुलसचिवांची सही आणा."

सही मिळवायला मला चूक लेखी कबूल करावी लागली. केली. ते वाचून साहेब एवढंच म्हणाले, "चोवीस वर्षांत पहिली ना?" सत्तावीस वर्षांत, मी म्हटलं. स्टूल मी स्वतः उचलून नेलं.

आता मुंगीची गोष्ट. तिला सांगितलं तर पांढरीफटक पडली. "प्लास्टर?" म्हणाली. "आत्या, मी त्या वासापासूनच तर पळून आले."

आणि लिहायला बसलेच आहे तर दुसरीही चूक सांगून टाकते. ही चार वर्षं जुनी आहे. ती पळून आली आणि मी ठेवून घेतली, असं तू समजतोस. तसं नाही. त्या वर्षी एप्रिलात तिनं मला फोन केला होता. ती फक्त रडत होती. ये असं ती म्हणाली नाही, येते असंही म्हणाली नाही. आमच्या कॉलेजचा अर्ज मीच भरला, सही करून पाठवायला तिच्याकडे मीच धाडला, बसची वेळ मीच कळवली. तुला विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही. तू नाही म्हणशील म्हणून.

तुझ्या रागातला निम्मा वाटा खरं तर माझा आहे, तो तिच्या अंगावर पडलाय. तो काढून घे आणि माझ्या अंगावर टाक.

बारकी


१० फेब्रुवारी

दादा,

सोबत एक खोका आहे. त्यात टॉवेलात गुंडाळलेलं प्लास्टर आहे. मुंगीला न विचारता पाठवतेय.

आमच्या वाचनालयाच्या जिन्याची तिसरी पायरी पायांनी मधोमध खोलगट झालीय. त्या खोलगट भागाचा हा ठसा. प्रबंधासाठी तिला अशा बऱ्याच झिजलेल्या वस्तूंचे ठसे हवेत: पायरी, दाराची मूठ, स्वयंपाक्याचा डाव, शिंप्याच्या कात्रीचा अंगठा. रबराचा साचा नीट निघतो. पण प्लास्टर ओतलं की हे असं होतं. बघ कसं जाळीदार झालंय. चार वेळा ओतलं, चारही वेळा बुडबुडे. बाई सांगतात तसंच करते, तरी होतं. वर्गातल्या बाकीच्यांचं बरं येतं, हिचंच नाही.

मी विचारलं, "तू लॅबमध्ये वाढलीस ना गं? लहानपणापासून बघितलंस की."

म्हणाली, "बघितलं. हात लावू दिला नाही कधी. तू डॉक्टर होणार, प्लास्टरमध्ये हात घालू नकोस, म्हणायचे."

परवा ती कचराकुंडीपाशी उभी राहून चौथा ठसा फोडत होती. रडत नव्हती. मला ते रडण्याहून वाईट वाटलं.

माझ्याशी बोलू नकोस, तिच्याशी बोलू नकोस. फक्त ह्या प्लास्टरमध्ये काय चुकलंय तेवढं सांग. खराब प्लास्टर तुला बघवत नाही, एवढं मला माहीत आहे.

बारकी


२१ फेब्रुवारी

दादा,

तुझी चिठ्ठी आली.

लॅबच्या पावतीच्या मागच्या बाजूला सात ओळी. मायना नाही, सही नाही, तारीख नाही. मी ती ऑफिसातच, शिक्का मारता मारता फोडली आणि एका अर्जावर शिक्का उलटा पडला. चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. 'र' अजून तसाच काढतोस, कोणीतरी पाठीमागून ढकलल्यासारखा.

संध्याकाळी मुंगीच्या हातात दिली. तिनं आधी पावतीची पुढची बाजू बघितली, लॅबचं नाव वाचलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले.

"तू विचारलंस त्यांना?"

"प्लास्टरचं विचारलं. बाकी काही नाही."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू पाठवू दिलं असतंस?"

तर्कशास्त्र शिकलेल्या मुलीनं पावती उलटली. मग मोठ्यानं वाचायला लागली. 'आधी पाणी, मग पावडर. पावडरीवर पाणी कधीही नाही. दोन्ही वजन करून. पावडर चाळून सोडायची आणि आपोआप भिजू द्यायची, घाई नको. मग मंद ढवळायचं.' इथे थांबली. "आत्या, 'मंद'च्या खाली दोन रेघा आहेत." पुढे: 'पहिला हात ब्रशनं. मग एकाच कडेनं बारीक धार, आणि साचा टेबलावर आपटत राहायचं, बुडबुडे वर येतात. गरम होऊन गार होईपर्यंत हात लावायचा नाही.' शेवटची ओळ तिनं मोठ्यानं वाचली नाही. मी नंतर वाचली. 'ठसा फोडायचा नाही. फोडला की काय चुकलं ते कळत नाही.'

काल तिनं पाचवा ओतला. मी ऑफिस लवकर आवरून गेले आणि दाराशी उभी राहिले. तेराव्या स्टुलावर बसून ती टेबलावर साचा आपटत होती, टक टक टक. मला आपल्या आईच्या घराच्या मागच्या खोलीतला तुझा पहिला बाक आठवला. बाईंनी साचा सोडवला. एकही बुडबुडा नाही. पायरीवर कुणाच्या तरी बुटाच्या टाचेनं पडलेली बारीक रेघसुद्धा उठलेली.

बाई म्हणाल्या, "हे कोणी शिकवलं?"

ती म्हणाली, "माझ्या बाबांनी."

तुला कळावं म्हणून लिहिलं. उत्तराची सक्ती नाही. पण आलं तर बरं वाटेल.

बारकी


१२ मार्च

दादा,

ह्या पाकिटात मुंगीचं पत्र आहे. ते तिनं स्वतः लिहिलंय, मी वाचलेलं नाही. (पहिलं पान वाचलं. दुसरं चिकटवलेलं होतं.)

तिला काय हवंय ते तिच्या शब्दांत तिथे आहेच. माझ्या शब्दांत एवढंच की दगड झाले, शब्द झाले, पायऱ्या झाल्या, आणि आता ती दातांवर येऊन पोचलीय. आपणहून. पुराणवस्तूंच्या वर्गात त्यांना शिकवलं की हजारो वर्षांपूर्वीचा माणूस काय खात होता ते दातांच्या झिजेवरून ओळखतात. घरी आली ती तशीच माझ्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, "आत्या, बाबांच्या मांडणीवर किती जबडे आहेत गं?"

मी म्हटलं, "जन्मभराचे. तुझा बाप काही टाकत नाही."

एकाच माणसाचे वेगवेगळ्या वर्षांतले ठसे तिला हवेत. नावं नकोत, नुसते आकडे आणि तारखा चालतील. असलं कोणाकडे नसतं असं तिचे सर म्हणतात. मी छाती काढून म्हटलं, आमच्याकडे आहे.

पाठवायचे नसतील तर तसं लिही. पण गप्प राहू नकोस. तिनं ते पत्र पाच वेळा लिहिलंय.

बारकी


२९ एप्रिल

दादा आणि वहिनी,

हे पत्र खरं तर वहिनीसाठी. वहिनी, गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तुला मुंगीच्या सादरीकरणाला येता आलं नाही आणि दादाला विचारलंस तर तो म्हणाला, "झालं बरं." म्हणजे तुला काही कळलेलं नाही. दादाच मला म्हणाला, तू लिही, मला सांगता येत नाही. तेव्हा दादा, हे वहिनीला मोठ्यानं वाचून दाखव. मधलं गाळू नकोस.

तो बसमधून उतरला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत दोन खोके होते, दोरीनं बांधलेले. मी एक घ्यायला गेले तर म्हणाला, "सोड, पडेल." चार वर्षांनी बहिणीशी बोललेलं पहिलं वाक्य. मुंगी माझ्या मागे उभी होती. तिनं विचारलं, "किती आहेत?" तो म्हणाला, "एक्केचाळीस." आणि मग दोघं इकडेतिकडे काही न बघता सरळ ओतकामाच्या वर्गात गेले. चहा मीच एकटीनं घेतला.

संध्याकाळपर्यंत दोघं त्या टेबलावर. मी दोनदा डोकावले. एकदा तो म्हणत होता, "ही कड बघ, ही चावण्याची नाही, ही दात खाण्याची. माणूस काळजी करणारा." आणि मुंगी लिहून घेत होती. दुसऱ्यांदा डोकावले तेव्हा ती ठसे पुसून देत होती, तो तारखांप्रमाणे लावत होता.

दुसऱ्या दिवशी सादरीकरण. हॉलमध्ये साठेक माणसं असतील. समोर तीन परीक्षक. मुंगीनं आधी गोटे दाखवले, मग शब्दांचा आलेख, मग पायरी, मूठ, डाव, कात्री. मी तिला चार वर्षं रोज बघतेय, तरी मला वाटलं, ही कोण मुलगी? शेवटी तिनं पाच जबडे एका ओळीत ठेवले. एकाच माणसाचे, अठ्ठावीस वर्षांतले.

एक परीक्षक म्हणाले, "डावी बाजू जास्त झिजलीय. ही खाण्यामुळे की दुसऱ्या कशामुळे, हे तुम्ही कशावरून सांगता?"

मुंगी म्हणाली, "हे मला सांगता येणार नाही. ज्यांनी हे ठसे केले, ते इथे बसलेत."

वहिनी, तुझा नवरा खुर्चीत अवघडला. मी त्याला कोपरानं ढोसलं. तो उठला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुढे गेला आणि तिसरा जबडा उचलला.

"इथे उजवीकडची दाढ काढलेली आहे," म्हणाला. "दुखत असणार, म्हणून आधीपासूनच तो डावीकडून चावायला लागला होता. दुसऱ्या ठशात दिसतं. चौथ्यात मी उजवीकडे नवीन दात करून दिले. तरी पाचव्यात बघा, डावीकडूनच चावतोय. सवय. पाच वेळा ह्याचं माप माझ्याकडे आलं. माणूस मी कधी बघितलेला नाही. रस्त्यात भेटला तर ओळखणार नाही. पण तो कसा जेवतो ते मला माहीत आहे."

मग परीक्षकांतल्या एक बाई पुढे वाकून म्हणाल्या, "डॉक्टर, आणखी एक विचारू का?"

मी डोळे मिटले. आणि तो म्हणाला, सरळ आवाजात, "मी डॉक्टर नाही. मी दात बनवतो. विचारा."

त्यांनी पाऊण तास विचारलं, वहिनी. त्याला. मुंगी बाजूला उभी राहून जबडे हातात देत होती. साहेबांना पुढच्या कार्यक्रमासाठी हॉल हवा होता, ते दारात येऊन माझ्याकडे बघत होते. मी खुणेनं सांगितलं, थांबा.

निकाल काल लागला. उत्तीर्ण, आणि वरच्या श्रेणीत. हातकामाच्या विषयातही. जिथून पुराणवस्तूंच्या वर्गासाठी नमुने आले होते, त्या संग्रहालयानं तिला दोन वर्षांचं काम देऊ केलंय. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. विचार करते म्हणाली. करू दे.

आता जाण्याच्या दिवसाचं. बस लागली. मुंगी खोके घेऊन आली, नीट दोरी बांधून. दादानं ते हातात घेतले, वजन केल्यासारखे वर-खाली केले आणि परत तिच्याकडे दिले.

"मला जड होतायत," म्हणाला. "तू घेऊन ये."

येताना ह्याच दोन खोक्यांना त्यानं मला हात लावू दिला नव्हता. मुंगीनं फक्त विचारलं, "कधी?"

"आई चालायला लागलीय आता घरात. शनिवारी ये."

बस गेली. आम्ही दोघी स्टँडवरच्या बाकावर बसलो. एकेक खोका मांडीवर. मला इतकं हलकं वाटत होतं की घरी कशाला जायचं तेच कळेना. मुंगी मध्येच हसायला लागली, मग मीही. बाजूच्या बाईंनी आपली पिशवी जरा लांब सरकवली.

दादा, माफी तूही मागितली नाहीस, आम्हीही मागितली नाही. राहू दे. माझ्याकडे तरी आता ह्या बाबतीत लिहायला काही उरलेलं नाही.

शनिवारी अकराच्या बसनं पोचतो. मी रजा टाकलीय. मलाही बोलावलंयस का, हे विचारत बसत नाही, दुसरा खोका कोणी तरी उचलायला हवाच. वहिनी, उठू नकोस, दार लोटून ठेव.

बारकी